पाच बरण्या आणि एक डबा

२० फेब्रुवारी

परीक्षक क्रमांक दोनने छळलेल्या जगभरच्या संशोधकांनो! तुमच्यापैकी कुणी बेडकांवर काम करत असेल, कुणी ताऱ्यांवर, कुणी शिलालेखांवर. पण आपलं दुखणं एकच. आपण वर्षानुवर्षं राबायचं, निबंध लिहायचा, नियतकालिकाकडे पाठवायचा. आणि कुठल्याशा खोलीत बसलेल्या एका माणसाने, ज्याला नाव नाही, चेहरा नाही, नुसता क्रमांक आहे, त्याने एका ओळीत आपल्याला धोबीपछाड घालायची! किती दिवस सोसायचं हे?

(टाळ्या.)

टाळ्या स्वतःच लिहून घ्याव्या लागतात, कारण बाईंनी प्रयोगशाळेत भाषणबंदी केली आहे. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. मागच्या महिन्यात मी हातमोज्यांच्या आकारातल्या विषमतेवर जरा सविस्तर बोलले, तर म्हणाल्या, "तोफ, तू रोजनिशी लिहीत जा. कागदाला कान नसतात." तोफ हे मला इथे पडलेलं नाव. तर ही सुरुवात.

आजचं प्रकरण असं. आमची प्रयोगशाळा माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंचा अभ्यास करते. जिवंत माणसाच्या पोटात रोज डोकावता येत नाही, म्हणून आम्ही काचेचं पोट बांधलं आहे. ओळीने पाच बरण्या: एक जठराची, एक लहान आतड्याची, तीन मोठ्या आतड्याच्या. मधे नळ्या, पंप, बाहेरून कोमट पाण्याचं वेष्टन, आणि हवेचा कणही आत राहू नये म्हणून सतत बुडबुडणारा नायट्रोजन. याचं नाव पोटोबा. प्रयोगशाळेत खाण्यापिण्याला सक्त मनाई आहे. खायची परवानगी एकट्या पोटोबाला. तो तीनदा जेवतो, पावडर पाण्यात कालवून.

त्याच्या आतले जंतू माझे. वर्षापूर्वी नमुना मीच दिला. (आमच्या शास्त्रात त्या वस्तूला 'नमुना' म्हणतात. नवीन आलेल्या कुणी दुसरा शब्द वापरला तर खोलीत अशी शांतता पसरते की तो पुन्हा वापरत नाही.)

निबंधात आम्ही छातीठोकपणे लिहिलं, की हे यंत्र म्हणजे दात्याच्या पोटाची हुबेहूब प्रतिकृती. यावर परीक्षक दोन विचारतो: "कशावरून? आजचा दाता आणि आजचं यंत्र शेजारी शेजारी ठेवून दाखवा."

प्रश्न रास्त आहे. त्याचीच जास्त चीड येते.

मार्चअखेर माझी पीएचडीची नोंदणी संपते. तोवर निबंध स्वीकारला गेला तर मी डॉक्टर. नाही तर सात वर्षं पाण्यात, आणि मी पुन्हा आईच्या घरातली अविवाहित, अर्धवट शिकलेली तोफ.

२५ फेब्रुवारी

माझा आणि पोटोबाचा ताजा नमुना तपासून आला. गणित्याने बैठकीत पडद्यावर आलेख लावला. गणित्या आमचे आकडे बघतो. त्याने आजवर एकाही बरणीला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही, जंतू त्याला फक्त ठिपक्यांच्या रूपात माहीत आहेत. जवळ ते सारखे, लांब ते वेगळे.

"हा ठिपका तोफ. हा पोटोबा."

एक वर डाव्या कोपऱ्यात, एक खाली उजव्या कोपऱ्यात. लग्नाच्या फोटोत भांडलेले व्याही उभे राहतात तसे.

"बिघडलंय कोण?" बाईंनी विचारलं.

"बिघडलं कुणीच नाही. वर्षभर तो पावडर खातोय आणि ही घरचं जेवतेय. दोघं आपापल्या वाटेने गेले."

"मग पोटोबाला वाटेवर आणू," मी म्हणाले.

"पोटोबाला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्या खाण्याला मानकं आहेत, ती निबंधात छापली आहेत. तुझ्या खाण्याला आहेत का काही मानकं?"

"बाई, मी माणूस आहे!"

"तेच तर म्हणतेय. तू लवचीक आहेस."

मला वाटलं त्या विनोद करताहेत. पण त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर मांडणी केली. यंत्र दात्यासारखं दिसायला हवं. यंत्र बदलणं निषिद्ध. म्हणून दाता यंत्रासारखा व्हावा. तीन आठवडे मी पोटोबाचंच जेवण जेवायचं, पोटोबाच्याच वेळांना. "त्याच्या जेवणात आपण घालतो तो चिकट द्राव तेवढा वगळू," त्या कनवाळूपणे म्हणाल्या, "तो तुझ्या पोटात आपोआप तयार होतो."

मी उठले. म्हणाले, "ज्या दिवशी माणसाने पायाच्या मापाचा जोडा करायचं सोडून जोड्याच्या मापाचा पाय कापायला घेतला, त्या दिवशी संस्कृतीचा..."

इथे आचाऱ्याने माझी बाही ओढली. आचारी म्हणजे आमचा पोस्टडॉक, पीएचडीनंतरचा संशोधक. जंतूंचं खाद्य तोच शिजवतो आणि पोटोबाला भरवतो. हाताला इतकी चव, की परक्या प्रयोगशाळांचे रुसलेले जंतू त्याच्या हातचं खाऊन वाढतात. बोलतो मात्र एवढ्या हळू, की त्याचं निम्मं बोलणं अजून कुणी ऐकलेलं नाही.

"बस ना," तो म्हणाला. "नोंदणी."

मी बसले. पूर्वी माणसांनी तत्त्वासाठी विष घेतलं. मी तत्त्व गिळून पावडर घेणार. दिशा उलटी असली तरी धैर्य तेवढंच लागतं, असं मी स्वतःला सांगितलं.

१ मार्च

भूक लागली आहे असंही म्हणवत नाही. पोट भरतं. पण जेवल्यासारखं वाटत नाही. पावडरीला चव नाही असं म्हणणं अन्याय आहे. तिला ओल्या पुठ्ठ्याची चव आहे.

चहा बंद. मी आचाऱ्याकडे नुसता एक कप मागितला.

"पोटोबा चहा पितो?" बाईंनी काचेपलीकडून विचारलं. या बाईंना भिंतीला कान लावावा लागत नाही, भिंतीच त्यांना येऊन सांगतात.

आईला सांगितलेलं नाही. ती पहाटे उठून माझा डबा करते. बाबा गेल्यापासून एकही दिवस चुकलेली नाही. तिला काय सांगू, की तुझी मुलगी तुझी भाजी सोडून एका काचेच्या बरणीच्या पंक्तीला बसली? मी निमूट डबा घेते, प्रयोगशाळेबाहेरच्या जेवणाच्या फ्रीजमध्ये ठेवते. दुपारी फेकून देईन म्हटलं होतं. हात धजेना. तसाच ठेवून पोटोबाच्या वेळेवर जेवायला गेले, आणि परत आले तर डबा रिकामा! धुऊन पुसून उपडा घातलेला.

कुणीतरी भुकेला जीव खातो आहे. खाऊ दे. संशय गणित्यावर आहे. त्याचे गाल हल्ली वर आले आहेत.

४ मार्च

आई खूश. "आज काय, डबा अगदी लख्ख! आवडली वाटतं भाजी?"

"हो."

"लसूण जास्त नव्हता ना झाला?"

"नाही गं. बरोबर होता."

ज्या भाजीचा मी वासही घेतला नाही, तिच्या लसणाची मी साक्ष दिली. हीच मी, जिने कॉलेजात 'सत्य आणि सत्ता' या विषयावर ढाल जिंकली होती!

११ मार्च

पहिला आलेख. मी हलले! माझा ठिपका कोपरा सोडून मधल्या वाटेला लागला आहे. बाईंनी टाळी वाजवली.

"पण तोही हललाय," गणित्या म्हणाला.

"कोण?"

"पोटोबा. हा बघा. वर सरकलाय, डावीकडे."

"तो कसा हलेल? तो यंत्र आहे. पुन्हा तपास."

"दोनदा तपासलंय."

"मग तिसऱ्यांदा तपास. यंत्राला मन नसतं, गणित्या."

आचारी शेजारी उभा राहून बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावत होता. एक चिकटपट्टी त्याने स्वतःच्या बोटाला लावली. मी विचारलं, "काय रे, तुला काय वाटतं?"

"मला? मला काय वाटणार? दोघं जवळ येताहेत म्हणजे बरंच ना?" तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. माणूस फार लाजाळू आहे. खोलीत शिरला की आधी पोटोबाला विचारतो, "काय, झोप झाली का?" मग आमच्याकडे बघतो. एकटेपणा माणसाला काय करतो बघा! याचं लग्न व्हायला हवं. ओळखीत एखादी शांत मुलगी असली तर आईला विचारून बघेन.

१४ मार्च

पोटोबा बिनसला आहे. दुपारच्या जेवणानंतर शेवटच्या तीन बरण्या फेसाळतात, फेस वर चढतो, झाकणाशी येऊन शिट्टी वाजवतो. आज एक नळी उडाली आणि बाईंच्या चष्म्यावर शिंतोडे आले. पूर्वी असा नव्हता. वर्षभर गोगलगायीसारखा होता. आता दुपार झाली की गुरगुरतो.

"हे तुझ्या भाषणासारखं वाटतंय," गणित्या मला म्हणाला. "आधी बुडबुडे, मग शिट्टी, मग सगळ्यांच्या अंगावर."

एरवी मी त्याला उभा सोलला असता. आज म्हणाले, "हं."

खोलीत एक वास येतो. ओळखीचा आहे पण आठवत नाही कुठला. घरासारखा. बाईंना मी सांगितलं तर म्हणाल्या, "जंतू तुझेच, वासही तुझाच." शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड.

१७ मार्च

रविवार. मामा आला होता. मामा दर रविवारी माझ्याशी भांडायला येतो. आम्ही दोघं भांडल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. आज म्हणाला, "या देशाला एक चांगला हुकूमशहाच हवा."

मी म्हणाले, "असेल."

मामा थांबला. पुन्हा म्हणाला, "बायकांनी राजकारणात पडूच नये खरं तर."

मी म्हणाले, "असेल."

मामाने ताट बाजूला सारलं, आत जाऊन आईला विचारलं, "ताई, हिला ताप आहे का?"

आईने येऊन कपाळाला हात लावला. ताप नव्हता. आईने हात बराच वेळ काढला नाही. मामा लवकर गेला. दारात म्हणाला, "बाळा, काही बोललो असेन तर मनावर घेऊ नकोस." आजवर त्याने एकदाही माफी मागितलेली नाही.

बरं वाटलं. किंवा वाईट वाटलं नाही.

१९ मार्च

जेवले. जेवले. नमुना दिला. जेवले. झोपले.

२२ मार्च

दुसरा आलेख. गणित्याने तो लावला आणि खुर्ची मागे घेतली.

मी खाली उजव्या कोपऱ्यात. पोटोबा वर डाव्या कोपऱ्यात.

"हे जुनंच चित्र आहे," बाई म्हणाल्या.

"नाही बाई. नावं वाचा. तोफ आहे तिथे महिन्यापूर्वी पोटोबा होता. आणि पोटोबा आहे तिथे तोफ होती. वाटेत भेटले आणि ओलांडून पुढे गेले." मग त्याने उठून दाखवलं. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट देण्यासाठी दोघंही एकाच बाजूला सरकतात ना, तसं. तो एकटाच दोन्ही माणसं झाला होता. त्याला खूप हसू येत होतं. मलाही यायला हवं होतं.

बाई हसल्या नाहीत. उठून पडद्यापाशी गेल्या आणि दोन्ही नावं बोट ठेवून वाचली. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि तो उजळला की मला भीती वाटते; निदान पूर्वी वाटायची.

"परीक्षकाला काय हवंय? दात्यासारखं यंत्र. हे बघा, पोटोबा आज महिन्यापूर्वीच्या तोफेसारखा आहे, अगदी तंतोतंत. आणि तोफ महिन्यापूर्वीच्या पोटोबासारखी. आपण फक्त नावं अदलाबदल करू. पोटोबाला दाता म्हणू, हिला यंत्र."

"आणि शेजारी शेजारी?" गणित्याने विचारलं. "त्याने 'आजचे' म्हटलंय."

"एक तारीख इकडची तिकडे. कोण बघतंय?" मग माझ्याकडे वळून, "तुझी काही हरकत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आचारी तर असा बघत होता जणू माझ्या तोंडातून काहीतरी बाहेर पडायची वाट बघतोय. सात वर्षं मी या खोलीत खुर्च्यांच्या रंगावरसुद्धा हरकत घेतली आहे.

मी म्हणाले, "नाही."

आचाऱ्याच्या हातातली बाटली पडली.

२३ मार्च

सोमवारी निबंध जायचा आहे. मी सही करायची आहे.

आज दुपारी माझी पावडर संपली. मी आचाऱ्याकडे मागायला पोटोबाच्या खोलीत गेले. एरवी मी त्या वेळी जात नाही, कारण तेव्हा आम्ही दोघंही जेवत असतो, पोटोबा आणि मी.

आचारी स्टुलावर बसला होता. मांडीवर माझा डबा. आईची भाजी त्याने बारीक वाटली होती, गाळणीतून चमच्याने दाबत होता, आणि पहिल्या बरणीच्या तोंडाशी धरून हळूच म्हणत होता, "घे. एक घास. तिखट आहे आज जरा, पण तुला आवडतं."

तो लसूण होता. त्या खोलीतला वास. तीन आठवडे मी माझ्याच घराच्या वासात उभी होते आणि मला ओळखता आला नव्हता.

"आचारी!"

तो उठला, स्टूल पडलं, डबा मात्र त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"तू... हे... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी ही माती खातेय, त्याच्यासारखं व्हायला!"

"मला वाटलं तू एकटीच चालतेयस. इतकं लांब. तो पण थोडा पुढे आला तर लवकर सुटशील." इतकं बोलून त्याला दम लागला. "आणि डबा फेकायचा कसा? आईंनी केलेला."

"मग बोलायचं नाही का?"

"बाईंनी थांबवलं असतं. आणि तूही. तत्त्वाने."

"मूर्ख माणसा! तुझ्यामुळे आम्ही ओलांडून गेलो!"

"हो," तो म्हणाला. "पण काल तू 'नाही' म्हणालीस ना, हरकत नाही, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की चुकलं. तुला जवळ आणायचं होतं, पण असं नव्हे." मग त्याने उरलेला डबा पुढे केला. "थोडं राहिलंय. गाळलेलं नाही ते."

मी तिथेच, प्रयोगशाळेत, मनाईच्या पाटीखाली उभी राहून जेवले. गार झालेलं होतं. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं. डबा संपला आणि मला भयंकर राग आला. बाईंचा, परीक्षकाचा, गणित्याच्या गालांचा (ते नुसतेच सुजले होते, दाढ किडली आहे), पाटीचा, पावडरीचा, माझ्या त्या 'असेल'चा. कुठून सुरुवात करू हेच समजेना. आचाऱ्याला मी अर्धा तास सुनावलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता आणि, आश्चर्य म्हणजे, हसत होता. लाजाळू माणसांना रागावलं की ते असे गोंधळतात.

२४ मार्च

आईला सांगितलं. सगळं. ती शिवणयंत्रावर होती, पाय थांबला नाही.

"मला माहीत होतं."

"कसं?"

"अगं, तू जन्मात कधी डबा धुऊन आणलायस? आणि हा तर असा धुतलेला, की पाण्याचा एक डाग नाही. म्हटलं, खाणारा कुणी दुसराच आहे, आणि चांगल्या घरचा आहे."

मी सांगितलं की आचारी तीन पाण्यांनी धुतो, शेवटचं पाणी ऊर्ध्वपातित. म्हटलं, त्याच्यासाठी एखादी शांत मुलगी बघ ना आई, फार एकटा आहे बिचारा, बरण्यांशी बोलतो. आईने यंत्र थांबवलं आणि हसत सुटली. दोरा तुटेपर्यंत हसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, "शांत मुलगी! बघते हं, बघते."

२६ मार्च

सही केली नाही. परीक्षकाला उत्तर लिहिलं, बारा पानी. बाईंनी ते वाचलं, लाल पेन घेतलं, संस्कृतीचं पान खोडलं, गुलामगिरीचं खोडलं, विज्ञान आणि विवेक हे प्रकरणच्या प्रकरण खोडलं. शेवटी एक परिच्छेद उरला: "नाही. आजचं यंत्र आजच्या दात्यासारखं नाही. आम्ही दात्याला यंत्राचं जेवण दिलं. दाता यंत्रासारखा झाला. त्याच काळात आमच्याच हातून यंत्राला दात्याचं जेवण मिळालं. यंत्र दात्यासारखं झालं. दोघं एकमेकांना ओलांडून गेले. आलेख सोबत."

"माझी मानहानी आहे ही," बाई म्हणाल्या. "आणि तुझी नोंदणी गेली. कळतंय ना?"

"कळतंय."

"ओरडून सांग. ही हळू बोलणारी मला सहन होत नाहीये."

"कळतंय!"

"हां. पाठव."

३० मार्च

मुदतवाढीसाठी समितीसमोर उभी राहिले. लांबलचक टेबल, पलीकडे कुलसचिव आणि चार प्राध्यापक. नियम असा की आजारपण किंवा बाळंतपण असेल तरच मुदत वाढते. कुलसचिवांनी विचारलं, "तुमचं यातलं काय?"

आईने सकाळी मुद्दाम तिखट केलं होतं.

मी माणूस आणि यंत्र इथून सुरुवात केली. मग मानकं, मग लवचीकपणा नावाखाली चालणारी जुलूमशाही, मग अन्न म्हणजे काय. मी म्हणाले, "ज्याचं जेवण दुसरा ठरवतो त्याचं मतही दुसराच ठरवतो, मी एकवीस दिवस 'असेल' म्हणत होते, तुम्ही किती वर्षं म्हणताय?" एक प्राध्यापक घड्याळाकडे बघून मान डोलवत होते, इतके भारावले होते. दुसऱ्यांनी डोळे मिटून घेतले. कुलसचिव मधेच म्हणाले, "सहा महिने मंजूर." मी म्हणाले, प्रश्न सहा महिन्यांचा नाही, तत्त्वाचा आहे! ते म्हणाले, "वर्ष घ्या. पण बसा."

युक्तिवादात अजून ताकद आहे, मित्रांनो! बाहेर आचारी उभा होता. दारातून सगळं ऐकू आलं म्हणाला. जिन्यापर्यंत ऐकू येत होतं म्हणे.

१५ एप्रिल

परीक्षक क्रमांक दोनचं पत्र. "प्रांजळ उत्तराबद्दल आभार. हा परिणाम मूळ निबंधापेक्षा महत्त्वाचा आहे. आणखी दोन दात्यांवर करून दाखवा."

नाकारलं नाही. स्वीकारलंही नाही. वर्षाची मुदत आणि आणखी दोन पोटं.

बाईंनी बैठकीत विचारलं, "कोण तयार आहे?" गणित्या टेबलाखाली पेन शोधायला गेला आणि बैठक संपेपर्यंत त्याला ते सापडलं नाही. आचाऱ्याने हात वर केला.

"तू नाही," मी म्हणाले.

"का?"

"मी खाल्लीये ती पावडर. तुझं बोलणं आधीच कुणाला ऐकू येत नाही. ती खाऊन तू अजिबातच ऐकू येणार नाहीस. आणि तुझा डबा कोण खाणार?"

"मी डबा आणत नाही," तो म्हणाला. "कधीच. कोण करणार?"

सात वर्षं! सात वर्षं मी या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसून दुनियेच्या उपाशी जनतेबद्दल बोलत होते. तो दुपारी काय खातो हे मी विचारलं नव्हतं. पाव खातो, पोटोबाच्या खोलीच्या बाहेर उभा राहून, कोरडा. माझ्या डब्यातला त्याने तीन आठवड्यांत एकही घास स्वतः खाल्ला नाही. सगळा माझ्या त्या काचेच्या पोटाला भरवला.

घरी आल्याबरोबर आईला सांगितलं. ती म्हणाली, "मोठा डबा काढूनच ठेवलाय. केव्हाचा."

म्हणून, संशोधक बंधुभगिनींनो, कागदाला कान नसले तरी ऐका. जगभरच्या प्रयोगशाळांत यंत्रं वेळेवर जेवतात. त्यांना कोमट पाणी मिळतं, हवा मोजून मिळते, कुणीतरी त्यांना विचारतं की झोप झाली का. आणि त्यांच्या शेजारी माणसं उभ्याने कोरडा पाव खातात. परीक्षकाविरुद्धचं बंड नंतर करू. तो, काय सांगू, बरोबर निघतो. बाईंशी भांडण चालू राहीलच. उद्याचं काम त्याहून छोटं आहे आणि ते उद्याच करायचं आहे.

उद्या सकाळी डबा भरताना त्यात एका माणसाचं जास्त भरा.